आधी गाडी बंद करा

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक धामण मेली. मेली कसली, मारलीच. कुणी काठी उचलली नाही, एवढंच.

पावणेआठला गलका ऐकून खाली आले, तर एका गाडीभोवती पंधरा-वीस माणसं. वॉचमनदादांनी शेपूट बंपरखाली सरकताना पाहिलं होतं. बॉनेट उघडल्यावर बॅटरीच्या मागे पिवळट तपकिरी अंग दिसलं आणि त्या अंधारात मोठा गोल डोळा. मी म्हणत होते, थांबा, फोन करते. तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "गाडी चालू करा, आवाजाने पळेल." केली चालू. इंजिनाचा पट्टा फिरला. पुढचं मला लिहवत नाही.

मग कुणीतरी म्हणालं, "चला, सुटलो."

कशातून सुटलो? बिनविषारी साप होता तो! आपल्याच ग्रुपवर मागच्या महिन्यात उंदरांनी वायरी कुरतडल्याचे फोटो फिरत होते ना? उंदीर बॉनेटमध्ये ऊब आणि आडोसा शोधत येतात, त्यांच्या मागावर धामण येते. पावसात बिळं पाण्याने भरली की तिलाही कोरडी जागा हवी असते. ती तुमची वैरीण नव्हती हो. तुमचंच काम करायला आली होती.

2009 च्या जुलैमध्ये मी आणि बाबा चिपळूणहून पुण्याला येत होतो. कुंभार्ली घाट चढून पाटणला चहाला थांबलो, तर आमच्या मारुती 800 च्या जाळीतून वीतभर शेपूट लोंबत होतं. घाटभर तो जीव आमच्यासोबत आला होता. मी रडकुंडीला आले होते. बाबा ठरलेल्या वेळेला पोचणारे, त्यामुळे त्यांची चुळबुळ सुरू झालेली. शेजारच्या गॅरेजमधला पोरगा हात पुसत आला, लांबूनच बघून म्हणाला, "काका, किल्ली काढा आन् लांब बसा. घाई करू नगा. मान्सं बाजूला झाली की जातंय ते आपल्या वाटंनं."

एवढंच. ना फिनेल, ना रॉकेल, ना उकळतं पाणी. गाडी गवताच्या कडेला होतीच. लांब काठीने बॉनेट वर करून ठेवलं आणि आम्ही समोरच्या टपरीवर बसून राहिलो.

आज मी हीच गोष्ट सांगायला गेले, तर म्हणे, "मॅडम, नाग असता तर?" बरं, असू शकतो नागही. घोणसही असू शकते. भीती खोटी नाही, खाली शाळेच्या बसला निघालेली मुलं होती, हेही मान्य. पण मग विषारी असेल असं वाटत असताना बॉनेटमध्ये डोकं घालून मोबाइलवर व्हिडिओ कोण काढत होतं? मुलांना आधी लांब न्यायला नको होतं? पाटणचा तो साप कुठला होता, ते मला आजही ठाऊक नाही. तेव्हाही नव्हतं. म्हणून तर लांब बसलो होतो!

सापाला बाहेरचे कान नसतात. आवाज केला म्हणून तो दार शोधून बाहेर येत नाही. इंजिनाची थरथर जाणवली की घाबरून आणखी आत, आणखी अडचणीत शिरतो. इंजिन बंद, माणसं लांब, एकाने अंतरावरून नजर ठेवायची आणि वनविभागाच्या 1926 वर फोन. यात अवघड काय आहे? साप मारणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे सांगितलं तर माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच काहीतरी वाईट बोलले. हो, सर्पमित्र कधी कधी उशिरा येतात, काहींना साप गळ्यात घालून रील करायचं असतं, मला तेही अजिबात पटत नाही. तरी थांबायला हवं होतं.

आपण बावधनला टेकडीच्या कुशीत राहतो. फ्लॅट घेताना गॅलरीतून दिसणारी हिरवळ सगळ्यांना हवी होती. त्या हिरवळीत कोण राहतं हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

पाटणला आम्ही दोन तासांहून जास्त बसलो. पाऊस उघडला, इंजिन गार झालं, आणि तो पुढच्या चाकावरून हळूहळू उतरला. रस्ता नाही ओलांडला, कडेच्या भातखाचरात गेला. बाबा उभे राहून बघत होते. गाडीत बसल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. उंब्रज आलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बरं झालं, थांबलो."

दिवसभर रागात होते. आता रात्री लिहिताना राग त्या गाडीच्या मालकावर राहिलेला नाही. पोरगाच आहे, चोवीस-पंचवीसचा. पंधरा जण ओरडत होते म्हणून त्याने किल्ली फिरवली. नंतर सगळे ऑफिसला गेले आणि तो एकटाच पाइप घेऊन फरशी धूत होता. मी वर निघून आले, त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

उद्या सकाळी खाली जाऊन बोलणार आहे.