आधी आजोबा

मृत्युपत्र हा शब्द आमच्या घरात उच्चारायचा नाही. आबा म्हणजे माझे वडील, ८२ वर्षांचे, रोज बांधावर चक्कर मारतात, आणि नुसतं "मृ" ऐकलं तरी समोरचं ताट सरकवतात. म्हणून त्यांना तालुक्याला वकिलांकडे नेलं ते "विहिरीच्या कागदाचं काम आहे" असं सांगून.

वकिलांनी पहिल्याच वाक्यात घोटाळा केला. "या आबा, मृत्युपत्र करायचंय ना?"

आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. आमच्याकडे याचा अर्थ फार वाईट असतो.

वकील समजावू लागले. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी केलेली बरी पण सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरे.

"साक्षीदार म्हणजे गावभर दवंडीच की."

"त्यांनी मजकूर वाचायची गरज नसते, आबा."

"न वाचता सही करतो तो कसला साक्षीदार?"

वकिलांनी विषय बदलून सातबारा मागितला. त्यावर आजोबा. गेले १९९४ साली. वारस नोंदीसाठी तीन महिन्यांत कळवायचं असतं म्हणे. आम्ही तीस वर्षं गप्प. कागदोपत्री आजोबा अजून ऊस लावतात, घराशेजारची पिठाची गिरणीही चालवतात, कारण मीटर त्यांच्याच नावावर. बिल थकवत नाहीत. जिवंतपणी त्यांची ही ख्याती नव्हती.

"आधी त्यांचे वारस लावा. तुमचा हिस्सा ठरल्याशिवाय तुम्ही लिहून देणार काय?" आबा, काका आणि दोघी आत्या, वकिलांनी नावं मांडली.

"बहिणींची लग्नं झालीत."

"झाली असतील. वारस कायदा १९५६ चा आहे, लग्न झालं म्हणून लेक वारसांतून जात नाही."

आबा हे ऐकून चिडतील असं मला वाटलं. पण त्यांचा जीव जमिनीत नव्हताच. विहिरीत आमचे सहा आणे, चुलत्यांचे सहा, शेजाऱ्यांचे चार. आणि आबांची पाण्याची पाळी शुक्रवारची.

"जमीन कुणालाही लिहा," ते म्हणाले, "शुक्रवारची पाळी माझी."

"तुमच्यानंतर कुणाला द्यायची?"

"नंतरही माझीच."

वकिलांनी पेनाला टोपण लावलं.

शेवटी वारस नोंदीचा अर्ज आबांच्याच सहीने दिला. चावडीवर नोटीस लागली, हरकतीला पंधरा दिवस. काका गप्प, आत्या गप्प. मी निर्धास्त. तेराव्या दिवशी तलाठ्यांचा फोन आला, हरकत आली आहे.

"कुणाची?"

"तुमच्या वडिलांची."

घरी येऊन विचारलं. आबा सुपारी कातरत होते. "नोटीस वाचून घेतली मी. त्यात लिहिलंय, मयताचं नाव कमी करून वारसांची नावं लावणे. लाव की माझं खाली. पण बापाचं नाव कमी करायला माझी हरकत आहे."

संध्याकाळी गिरणीचं बिल आलं. आजोबांच्या नावाचं. आबांनी ते नीट घडी घालून देवळीत, आजोबांच्या फोटोमागे ठेवलं.