शिरगणती नंतर, आधी जमिनीचे दस्त

अमेरिकेच्या सीमाभागातल्या वसाहतकऱ्याचं कुळ शोधायला शिरगणतीपासून सुरुवात करा, असं एका लेखात वाचलं. पहिल्या पिढ्यांसाठी हे मला अजिबात पटत नाही. १८५०च्या आधीच्या शिरगणतीत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बायको-मुलं म्हणजे नुसते आकडे. जमिनीचे दस्त मात्र बोलतात. नवऱ्याने जमीन विकली की बायकोने आपला हक्क सोडल्याची नोंद घेत, म्हणून तिचं नाव तिथे सापडतं. वारसांनी मिळून विकली असेल तर भावंडं, जावई सगळेच हाती लागतात.

लिंकन घराणंच घ्या. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचे आजोबा, त्यांचंही नाव अब्राहमच, १७८६मध्ये केंटकीत मारले गेले. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता, आणि थोरल्यालाच वारसा देणारा व्हर्जिनियाचा कायदा १७८७च्या सुरुवातीला संपला. जेमतेम काही महिन्यांचा फरक! जमीन थोरल्या मॉर्डेकायकडे गेली, धाकटा थॉमस, म्हणजे लिंकन यांचे वडील, रिकाम्या हाताने वाढला. हा सगळा उलगडा जमिनीच्या नोंदींतून होतो.

शोधताना आडनावाच्या स्पेलिंगला चिकटून राहू नका. याच आजोबांच्या ४०० एकरांच्या कागदावर 'लिंकहॉर्न' असं पडलंय. केंटकीत हद्दी झाडं नि ओढ्यांवरून ठरत, एकाच तुकड्यावर दोन-तीन दावे. थॉमस त्यातच पोळला आणि १८१६मध्ये इंडियानात गेला. तिथे सरकारी मोजणी चौकोनी तुकड्यांत होती, म्हणून हद्दीचे असे घोळ कमी.

आणि हद्दीला लागून असलेल्यांची नावं जरूर उतरवून घ्या. शेजारी बरेचदा सासरा किंवा मेहुणा निघतो.