‘गावाला कोटी आले, गेले कुठं?’ : त्या मेसेजमधला एकेक दावा तपासू

ग्रामपंचायतीच्या निवडणुका जवळ आल्या की एक मेसेज गावागावांच्या ग्रुपवर फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: ‘तुमच्या गावाला पाच वर्षांत कोट्यवधी रुपये आले. ई-ग्रामस्वराज्यवर जाऊन स्वतः बघा. सगळा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो आणि सरपंच-ग्रामसेवक वाटेल तसा खर्च करतात. कामं फक्त कागदावर पूर्ण होतात. सरकार एवढं देतं तर घरपट्टी भरूच नका. आणि ग्रामसभेला शंभर माणसं नसतील तर तिचे ठराव रद्द समजा.’

ई-ग्रामस्वराज्य हे ग्रामपंचायतींच्या हिशोबाचं सरकारी पोर्टल सगळ्यांना खुलं आहे आणि जाब विचारायलाच हवा, इथपर्यंत मेसेजचं बरोबर आहे. पण चुकीचा आकडा घेऊन ग्रामसभेत उभं राहिलं की ग्रामसेवक दोन मिनिटांत तो खोडून काढतो, आणि मग खरा प्रश्नही त्याच हशात वाहून जातो. (पदाचं नाव २०२४ पासून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालंय, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात, म्हणून इथंही तेच.)

‘पोर्टलवर दिसतो तेवढा पैसा गावाला आला.’

नाही. पोर्टलवर सगळ्यात आधी जो मोठा आकडा दिसतो तो बहुतेकदा आराखड्याचा असतो, म्हणजे त्या वर्षी काय काय करायचं ठरवलं त्याची बेरीज. आराखडा मुद्दाम ऐसपैस धरतात, कारण आराखड्यात नसलेल्या कामावर पुढं खर्च टाकता येत नाही. पंधरा कामं लिहायची आणि पाच व्हायची, हे त्यात गृहीतच असतं. खरी जमा बघायची तर प्राप्त निधी आणि खर्चाची पानं उघडावी लागतात.

दुसरी गडबड बेरजेत होते. एखाद्या वर्षी ६ लाख खर्चाविना राहिले, तर पुढच्या वर्षी तेच आरंभीची शिल्लक म्हणून दिसतात. पाच वर्षांचे ‘एकूण उपलब्ध’ आकडे एकाखाली एक मांडून बेरीज केली की हे ६ लाख दोनदा, कधी तीनदा मोजले जातात. प्रत्येक वर्षाची फक्त नवी जमा घ्या, पहिल्या वर्षाची आरंभीची शिल्लक एकदाच मिळवा, झालेला खर्च वजा करा. उरलेली रक्कम बँक पासबुकाशी आणि नमुना ५ म्हणजे सामान्य रोकडवहीशी जुळायला हवी. ती जुळत नसेल तर प्रश्न तिथं आहे.

‘सगळा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो.’

गावात खर्च होणाऱ्या पैशातला बराचसा ग्रामपंचायतीला शिवतही नाही. घरकुलाचे हप्ते लाभार्थ्याच्या खात्यात, शौचालयाचं अनुदान लाभार्थ्याच्या खात्यात, रोजगार हमीची मजुरी मजुराच्या खात्यात जाते. जलजीवनची मोठी नळयोजना सहसा जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग किंवा जीवन प्राधिकरण राबवतं. ठेकेदार त्यांचा, बिलही तेच काढतात. आमदार निधीच्या रस्त्याची कार्यान्वयन यंत्रणा, म्हणजे काम करून घेणारं खातं कोण, हे मंजुरीच्या आदेशातच लिहिलेलं असतं. अर्धवट पडलेल्या पाण्याच्या टाकीबद्दल सरपंचाला धारेवर धरण्याआधी तो आदेश एकदा वाचा. कधी कधी ग्रामपंचायतीचा दोष एवढाच असतो की तिनं न बघता ताबा घेतला.

ग्रामपंचायतीकडे थेट येणारा मोठा पैसा केंद्रीय वित्त आयोगाचा. चौदाव्या आयोगाचा सगळा निधी ग्रामपंचायतींना होता. पंधराव्यात महाराष्ट्रात तो ८०-१०-१० असा वाटला गेला : ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला १०-१०. हा निधी निवडून आलेल्या संस्थेलाच मिळतो. मुदत संपून प्रशासक बसला की तिथला हप्ता अडतो.

‘सरपंच वाटेल तसा खर्च करतो.’

हिशोबासाठी समजा, एका ग्रामपंचायतीला २०२१-२२ ते २०२५-२६ या काळातल्या एखाद्या वर्षी वित्त आयोगाचे १० लाख आले. त्यातले ६ लाख बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांसाठीच. ३ लाख स्वच्छतेसाठी, म्हणजे गटार, सांडपाणी, कचरा आणि हागणदारीमुक्ती टिकवणं. ३ लाख पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. एका बाजूची गरज पूर्ण भागली असेल तर तो पैसा दुसरीकडे वळवता येतो, पण या दोन्हींच्या बाहेर नेता येत नाही. राहिले ४ लाख अबंधित. त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही. म्हणजे ‘दहा लाख आले आणि आमच्या आळीचा रस्ता होत नाही?’ या प्रश्नाला मुळात ४ लाखांची मर्यादा आहे, आणि त्या ४ लाखांवर शाळेची खोली, दिवाबत्ती, अंगणवाडी आणि बाकीच्या आळ्या असे सगळेच डोळा ठेवून असतात.

पैसा काढायला सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात, आणि रक्कम पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन देयक प्रणालीतून थेट पुरवठादाराच्या खात्यात जाते. आता, दोघं संगनमतानं वागले तर? किंवा सरपंचाची डिजिटल सहीची किल्ली आणि पिन कायम दुसऱ्याच कुणाच्या खिशात असेल तर? अशा वेळी दोन सह्यांची सोय नावापुरती उरते. ग्रामसभेत विचारायचा प्रश्न हा आहे : सहीची किल्ली कुणाकडे असते?

तरीही कोणत्या कामाला पैसा जाणार हे बिलाच्या दिवशी नाही, आराखड्याच्या वेळी ठरतं. पुढच्या वर्षीच्या आराखड्याची जुळवाजुळव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. मेसेज फिरतो तोवर बहुतेकदा यादी पक्की होऊन अपलोड झालेली असते.

‘कामं फक्त कागदावर पूर्ण होतात.’

या मुद्द्यात दम आहे, पण बोट चुकीच्या जागी ठेवलंय. पोर्टलवरचं ‘पूर्ण’ ही कार्यालयात कुणीतरी भरलेली नोंद असते. सबंध काम गायब असण्यापेक्षा काम आहे पण कमी आहे, हेच जास्त आढळतं. आणि ते कमी कुठं असतं हे काँक्रीट रस्त्यावर सगळ्यात नीट दिसतं.

१०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटीमीटर जाड रस्ता घ्या : ४५ घनमीटर काँक्रीट. अंदाजपत्रकात एम-२० दर्जाचं काँक्रीट, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३ असं प्रमाण असेल तर घनमीटरला साधारण ८ गोण्या सिमेंट, म्हणजे एकूण ३६० च्या आसपास. जाडी १० सेंटीमीटर केली की काँक्रीट ३० घनमीटर आणि गोण्या २४०. रस्ता तेवढाच लांब, तेवढाच रुंद, फोटोत तसाच दिसतो. १२० गोण्या, त्यांची खडी, वाळू आणि मजुरी वाचली. पोर्टलवर हे कधीच दिसणार नाही.

कडेला फूटपट्टी लावून उपयोग होत नाही, कारण ठेकेदारालाही ते माहीत असतं. कडेचा साचा १५ सेंटीमीटरचाच उभा करतात आणि मधला मुरुमाचा थर उंच ठेवतात. कडेला जाड, मध्ये पातळ. म्हणून माल पडायच्या आधी, साचे उभे असताना, एका बाजूच्या साच्याच्या वरच्या कडेपासून दुसऱ्या बाजूच्या कडेपर्यंत दोरी ताणायची आणि मध्ये दोरीपासून खालच्या थरापर्यंत माप घ्यायचं. दर दहा मीटरवर एकदा. दोरीला झोळ पडू देऊ नका, झोळ पडला की माप कमी भरतं आणि भांडण फुकट जातं. रस्ता मध्ये मुद्दाम खोलगट किंवा फुगीर ठेवायचा असेल तर तेवढा फरक कामाच्या नकाशावरून धरा. १५ च्या जागी ११-१२ भरलं तर तिथंच काम थांबवायला सांगता येतं. काँक्रीट आवळल्यावर मात्र कोअर, म्हणजे रस्त्याला भोक पाडून काढलेला गोल नमुना तपासणं हाच मार्ग, आणि त्यासाठी पंचायत समितीच्या उपअभियंत्याकडे लेखी मागणी करावी लागते.

मिक्सरशी आणखी दोन गोष्टी बघायच्या. ५० किलोच्या एका गोणीला एम-२० साठी पाणी जास्तीत जास्त ३० लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल पातळ असला की पसरायला सोपा, म्हणून बादल्या वाढत जातात. मग वर पांढरं पाणी येतं आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पृष्ठभागाची पूड निघते. दुसरं, खडी-वाळू फर्म्यानं, म्हणजे मापाच्या पेटीनं मोजतात की पाटीनं? फर्मा ३५ लिटरचा, गोणीला वाळूचे दीड आणि खडीचे तीन. पाटी शीगोशीग भरली की कुणालाच हिशोब लागत नाही. पुढं किमान १४ दिवस मातीचे छोटे बांध घालून किंवा ओली गोणपाटं टाकून पाणी, आणि ठरावीक अंतरावर सांधा. सांधा वेळेत कापला नाही तर रस्ता स्वतःच्या मर्जीनं तडकतो, आणि दोष मात्र ट्रॅक्टरवर जातो.

मोजमाप पुस्तिकेत, ज्याला सगळे एमबी म्हणतात, अभियंत्यानं लिहिलेली लांबी, रुंदी, जाडी असते. बिल त्यावरच निघतं. त्यामुळे मागायची ती एमबीची पानं, ‘गेल्या दहा वर्षांचा सगळा हिशोब’ नाही. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. सगळं एकदम मागितलं की नकार द्यायला आयतं कारण मिळतं. अर्जातलं वाक्य एवढं पुरतं : ‘सन अमुक मध्ये अमुक घर ते अमुक घर या रस्त्याच्या काँक्रीटीकरणाचं मंजूर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, देयक आणि पूर्णत्वाचा दाखला यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.’ १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीला पानामागे २ रुपये, मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका.

‘घरपट्टी भरू नका.’

हा सल्ला सगळ्यात नुकसानीचा. वित्त आयोगाच्या पैशातून जे भागत नाही, ते ग्रामनिधीतून, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या तिजोरीतून भागवावं लागतं, आणि घरपट्टी-पाणीपट्टी हाच त्याचा मुख्य आधार. स्वउत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. वसुली बुडाली की हे वाटे आपोआप बारीक होतात, म्हणजे ज्यांचा आवाज आधीच कमी त्यांचंच आधी कापलं जातं.

हिशोबानंही हे परवडत नाही. पहिल्या सहा महिन्यांत, ३० सप्टेंबरपर्यंत, चालू कर भरला तर ५ टक्के सूट आहे. वर्ष संपेपर्यंत थकवला तर ५ टक्के दंड. आकारणी चुकीची वाटत असेल, कौलारू घर स्लॅबचं लावलं असेल किंवा पडकी खोली मोजली असेल, तर नमुना ८ ची, म्हणजे कर आकारणी नोंदवहीची नक्कल काढून हरकत द्या. आणि ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ मध्ये एक गंमत आहे : कराचं बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत भरलं नाही तर माणूस सदस्य होण्यास अपात्र ठरतो, निवडून आलेला असला तरी पद जाऊ शकतं. मेसेज वाचून घरपट्टी थकवणारा पुढं सरपंचाविरुद्ध उभा राहिला, तर छाननीच्या दिवशी विरोधकाला हरकत शोधायला लांब जावं लागणार नाही.

‘शंभर माणसं नसतील तर ठराव रद्द.’

गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, आहे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. ४०० मतदारांच्या गावात ६० जण पुरतात. शंभरचा आकडा लागू होतो तो साधारण ६६७ मतदारांच्या पुढं. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात, सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी निघायला हवी, आणि पुरेशा कारणाशिवाय सरपंचानं सभा घेतल्याच नाहीत तर त्याचं पद धोक्यात येतं.

शंभराची समजूत घेऊन लोक घरी बसतात, आणि नेमकं तिथं फसतात. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली की पुढच्या तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. मूळ नोटिशीतले विषय तिथं वीस माणसांतही मंजूर होऊ शकतात, आणि तो ठराव वैध असतो. म्हणून तहकूब सभेची तारीख नोटीस बोर्डावरून टिपून घ्या आणि त्या दिवशी जाच. हजेरीवहीत सही केलीत म्हणजे ठरावाला संमती दिलीत असं नाही, पण प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त नंतर लिहिलं जाणार असेल तर कागदावर दोन्हींत फरक उरत नाही. सभा उठायच्या आधी ठराव सूचक-अनुमोदकाच्या नावासकट मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, विरोध असेल तर तो नावानिशी लिहून घ्या, आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा.