एक दिवस चुकला म्हणून वही बंद?

खानापूरहून बहिणीचा फोन आला. भाचीनं चित्रं काढायचं सोडलं म्हणे. कारण काय, तर गल्लीच्या ग्रुपवर फिरणारा 'छंद टिकवण्याचं सूत्र' हा मेसेज. पहाटे चारला उठा, रोज किमान तासभर बसा, 21 दिवसांत सवय लागते, आणि एक दिवस जरी चुकला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. भाताची नट्टी, म्हणजे रोपलावणी, चालू असताना अंधार पडल्यावर शेतातून परतणाऱ्या पोरीचा एक दिवस चुकला, मग दुसरा. तिनं वहीच कपाटात टाकली.

21 दिवसांचं आधी बघू. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं 1960 साली लिहिलं, की शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णाला किमान साधारण 21 दिवस लागतात. त्यातलं 'किमान' गळालं, 'साधारण'ही गळालं, आणि उरलेला आकडा चित्रकलेला चिकटवला.

पण सगळ्यात घातक आहे ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं फर्मान. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना 12 आठवडे रोज एक नवी गोष्ट करायला सांगितली. जेवणाबरोबर फळ खाणं, थोडं धावणं, असलं साधंच. ज्यांची आकडेवारी नीट जुळली, त्यांच्यात सवय मुरायचा मधला आकडा निघाला 66 दिवस. कुणाला 18 पुरले, तर कुणाचा गणितानं काढलेला अंदाज 254 पर्यंत गेला. आणि मधे एखादी खेप चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही! हे 2010 साली छापून आलंय. असल्या साध्या गोष्टींना इतके दिवस, तर चित्राला जास्तही लागू शकतात. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर त्यात पोरीचा काय दोष?

आणि खंडाचं म्हणाल तर आपल्याच बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले कुमार गंधर्व बघा. क्षयानं देवासला अंथरुणाला खिळले, काही वर्षं गाणं बंद. त्या काळात माळव्याची लोकगीतं कानावर पडत राहिली आणि पुढे त्यांच्या गाण्यात उतरली. त्यांची तयारी आधीच दांडगी होती, मान्य. पण खंड पडला म्हणून आधीचं सगळं शून्य होतं, हे कुणी मला शिकवू नये.

मेसेजमधलं एक अर्धं खरं आहे, तेही नाइलाजानं मान्य करतो: ठरलेल्या वेळेशी काम बांधलं की ते टिकतं. पण ती वेळ पहाटे चारचीच कशाला? रात्रीचं जेवण झालं, ताट उचललं, की दहा मिनिटं बसायचं. घमेलं, विळा, दारातली जास्वंद, जे दिसेल त्याचं एक रेखाटन. तासभराची अट घातली की दमलेलं माणूस बसतच नाही.

बहिणीला सांगितलंय, वही कपाटातून काढून स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेव, पेन्सिल टोक काढून शेजारी. आणि ज्यांनी तो मेसेज पुढे ढकलला, त्यांनी ही दुरुस्तीही त्याच ग्रुपवर टाकावी.