सही करा, वाचत काय बसता!

नोकरी लागली? अभिनंदन. पेढे नंतर, आधी सही. एचआरच्या मॅडम कागदांचा गठ्ठा पुढे सरकवतील, सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतील आणि अंगठ्याने पानं उलटत त्या म्हणतील, “इथे, इथे, इथे आणि शेवटी पूर्ण नाव.” फुलीच्या वर काय छापलंय ते पाहायचा मोह होईल. आवरा. अंतरपाट धरल्यावर कोणी पत्रिका जुळवायला काढतं का?

प्रत्येक घरात एक मामा असतात, निवृत्तीनंतर कायदे वाचणारे. ते सांगतील, १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे दोन्ही पक्ष सज्ञान हवेत, संमती राजीखुशीची हवी, मोबदला आणि हेतू कायद्यात बसणारा हवा. एवढं जमलं की ईमेलवरचा होकारही करार ठरतो, तोंडी शब्दही ठरू शकतो. मामांना चहा द्या आणि विषय बदला. आपल्याकडे करार वैध होतो तो स्टॅम्पपेपरच्या करकरीत आवाजाने. राजीखुशीचं म्हणाल, तर खोलीचं डिपॉझिट भरून खिशात नऊशे रुपये उरलेल्या माणसाइतका राजी दुसरा कोण असणार?

मूळ प्रमाणपत्रं मागितली तर फाइलसकट देऊन टाका. घरी ती धूळच खातात. माझ्या पहिल्या नोकरीत माझी बारावीची गुणपत्रिका, आईने हौसेने लॅमिनेट करून दिलेली, चौदा महिने ऑफिसच्या लोखंडी कपाटात होती. मध्ये एकदा पासपोर्टसाठी लागली, तर अर्ज लिहून घेतला: ‘माझी गुणपत्रिका मला दोन दिवसांकरिता मिळावी ही नम्र विनंती.’ त्यावर ‘मंजूर, परत करण्याच्या अटीवर’ असा शेरा आला. गुण माझेच होते, इतपत आठवतंय.

पुढच्या पानावर ते प्रसिद्ध कलम असेल: नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच क्षेत्रात काम करणार नाही. क्षेत्र म्हणजे तुम्हाला येणारं एकमेव काम. करार कायद्याचं कलम २७ म्हणतं की माणसाला धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा असा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. म्हणून काय झालं? कंपनीने एवढं टाइप केलंय, तिचा मान राखा. दोन वर्षं घरी बसा, कुरडया घालायला शिका.

आणि बॉन्ड, म्हणजे अमुक वर्षं सोडणार नाही, सोडली तर दंड भरेन, असं लिहून दिलेलं? इथे तुमचा एखादा मित्र छाती ठोकून सांगेल, “बॉन्ड म्हणजे रद्दी रे!” त्याचंही ऐकू नका, कारण तो अर्धाच बरोबर आहे. कल्याणच्या टायर कॉर्डच्या, म्हणजे टायरमध्ये घालायच्या धाग्याच्या, कारखान्यातला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून जास्त पगारावर राजस्थानातल्या कोटा शहरातल्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला, तेव्हा १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला: मुदत चालू असताना दुसरीकडे जायचं नाही, हे बंधन चालतं. २०२५ मध्ये एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉन्डही तिथे टिकला. फक्त करारात लिहिलेला दंडाचा आकडा ही वरची मर्यादा असते, पदरात पडते ती वाजवी भरपाई. हे कलम ७४ मध्ये आहे. तेव्हा “माझ्यावर प्रशिक्षणाचा नेमका किती खर्च केलात?” असलं काही विचारू नका. दोन दिवस प्रोजेक्टरसमोर बसवलं होतं आणि वडापाव दिला होता, हे त्यांनाही आठवतं. उगाच त्यांची अडचण होईल.

हुद्दा मात्र आनंदाने घ्या. दिवसभर एक्सेलमध्ये चलनं भरा, पण कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ असू द्या. लग्नाच्या बाजारात उपयोगी पडतं, आणि कंपनीलाही म्हणता येतं की हा कामगार नव्हे, याला ओव्हरटाइम कसला. कोर्ट कार्ड बघत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतं. कामगार ठरलात तर जादा तासांना दुप्पट दर मिळायचा. पण मॅनेजर म्हणवून घेतल्यावर कामगार ठरायला जायचं, लोक काय म्हणतील?

पगाराचा आकडा वर्षाचाच सांगतील, त्याला बाराने भागू नका. सीटीसीमध्ये, म्हणजे तुमच्यावर होणाऱ्या कंपनीच्या एकूण खर्चात, कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला असतो, ग्रॅच्युइटी धरलेली असते आणि तुम्ही चांगलं वागलात तर मिळेल असा बोनसही. एखाद्या करारात ‘ग्रॅच्युइटीवर हक्क सांगणार नाही’ असंही लिहून घेतात. कायद्याने दिलेला हक्क असा लिहून देऊन जात नाही. तरी सही करा, मॅडम ताटकळल्यात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात म्हणे. नेमणूकपत्र लेखी द्यायचं, नोकरी सुटली की दोन कामकाजाच्या दिवसांत पगाराचा हिशेब चुकता करायचा. दोन दिवस! आमच्याकडे ‘फुल अँड फायनल’ला पंचेचाळीस दिवस लागायचे, कारण अकाउंट्सचे काका सह्या घेत टेबलाटेबलावर फिरायचे, आणि एका टेबलावरचा माणूस कायम गावी गेलेला असायचा. घाई करू नका, रिलीव्हिंग लेटर त्यांच्याच हातात असतं.

शेवटचं. सही झाली की “याची एक प्रत मिळेल का?” असं अजिबात विचारू नका. मी विचारलं होतं, २०११ मध्ये. मॅडम प्रसन्न हसल्या, पेन परत घेतलं आणि म्हणाल्या, “मेल करते संध्याकाळपर्यंत.” त्या मेलसाठी मी अजून तो जुना याहूचा पत्ता चालू ठेवलाय.