मी तुझ्यावर मारतो

आज सकाळी पावणेआठला, एक पोळी तव्यावर आणि एक पोळपाटावर असताना, मुलीच्या शाळेच्या पालक-ग्रुपवर एक फोटो आला. वहीचं फाडलेलं पान, चार घड्या पडलेलं. वर एका मुलीचं नाव, खाली एका मुलाचं. आणि त्याखाली एका पालकमहाशयांचा मेसेज, ‘नववीच्या वर्गात हे चाललंय. शाळेच्या नावाचा प्रश्न आहे. कारवाई झालीच पाहिजे.’ मग अंगठे. सतरा मोजले मी. एकाही शहाण्याला वाटलं नाही की त्या पोरीचं नाव तरी झाकावं. चौदा वर्षांची पोर आहे हो.

पोळी करपली. डब्यात तशीच दिली.

हे पान मी ओळखते. १९९१ साली, मी नववीत असताना, असंच एक पान माझ्या भूगोलाच्या पुस्तकात निघालं होतं. मला नाही सापडलं, बाईंना सापडलं. त्यांनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. ‘प्रीय’ दीर्घ, आणि पुढे, ‘मी तुझ्यावर मारतो. तुझ्याशिवाय मला करमत नाही.’ मरतो लिहायचं होतं, एक काना जास्तीचा पडला. अख्खा वर्ग हसून लोळला. मी बाकाकडे बघत बसले होते. बाकावर कुणीतरी करकटकानं बाण कोरलेला होता, त्याचं टोक अजून आठवतं.

आता तुम्ही म्हणाल ही बाई आज जुनं काय उकरतेय. सांगते. मला एका कादंबरीबद्दल लिहायचंय, कधीपासूनचं. आज राग आलाय तर लिहून होईल.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहितीय की मी पुण्यात जपानी शिकले आणि आता मशीनची मॅन्युअलं भाषांतर करून पोट भरते. तिसऱ्या वर्षाला आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे जपानीच्या बाईंनी, एकदा एका कादंबरीतल्या उताऱ्याची झेरॉक्स वाटली. प्रेमपत्र होतं. एका मुलीला आलेलं, पण खोटं, म्हणजे तिच्याच वर्गातल्या मुलींनी मुलाच्या नावानं लिहिलेलं. आणि त्यात शुद्धलेखनाची चूक! जपानीत प्रेमासाठीचं जे चित्राक्षर आहे ‘कोइ’, आणि विचित्र या अर्थाचं जे आहे ‘हेन’, त्या दोघांचा वरचा भाग अगदी सारखा. फरक खाली. प्रेमाच्या खाली हृदयाचं अक्षर काढायचं असतं. त्या मुलींनी दुसरंच काहीतरी काढलं. त्यामुळे ‘माझ्या प्रिय प्रिय शिन्को’ असं म्हणायचं होतं ते झालं ‘माझ्या विचित्र विचित्र शिन्को’. वर्ग हसला, मीही हसले. आणि मग मला रडूच आवरेना. सेन्सेई घाबरल्या बिचाऱ्या, त्यांना वाटलं परीक्षेचं टेन्शन.

मी तुझ्यावर मारतो. तेच की हे!

कादंबरीचं नाव ‘आओई सानम्याकु’. निळी पर्वतरांग म्हणा, पण आओई म्हणजे नुसता निळा नाही, हिरवाही, आणि कच्च्या फळासारखा कोवळाही. लेखक इशिझाका योजिरो. हा माणूस कित्येक वर्षं उत्तर जपानात मास्तर होता, त्यातली काही मुलींच्या शाळेत, त्यामुळे मुली वर्गात कशा बसतात, कशा गप्प होतात, कशा टोळी करतात हे त्याला ठाऊक आहे. १९४७ च्या जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ती ‘आसाही शिंबुन’ या दैनिकात रोज थोडी थोडी छापून आली. आपला १५ ऑगस्ट त्याच्या मधोमध येतो, हे मला उगाचच फार आवडतं.

गोष्ट साधी आहे. लहानसं गाव, मुलींची शाळा. तेरासावा शिन्को नावाची मुलगी, शाळा बदलून आलेली. तिची रोकुसुके नावाच्या मुलाशी ओळख होते, त्याच्याबरोबर ती चारचौघांत फिरताना दिसते. बस्स, एवढंच. वर्गातल्या मुली ती खोटी चिठ्ठी पाठवतात, ही गळाला लागते का बघायला. शिन्को काय करते? चिठ्ठी उचलते आणि सरळ आपल्या इंग्रजीच्या बाईंकडे जाते, शिमाझाकी युकिको. तरुण, बाहेरगावची. आणि या बाई... अहो, या बाई शिन्कोला विचारतच नाहीत की तू त्याच्याबरोबर का फिरलीस! त्या वर्गात जाऊन विचारतात, ही कुणी लिहिली.

मला बाकी कादंबरी नको. मला हा एवढाच प्रश्न पुरतो. आमच्या बाईंनी तो विचारला नाही. हेडसरांनी विचारला नाही. आज सकाळच्या सतरा अंगठ्यांतल्या एकानंही विचारला नाही. ज्याच्या खाली नाव त्यानंच लिहिली, जिच्या वर नाव ती तसलीच, प्रकरण मिटलं.

वर्गातल्या मुली काय उत्तर देतात माहितीय? शाळेवरच्या प्रेमापोटी केलं म्हणे. शाळेची अब्रू राखायला. ‘शाळेच्या नावाचा प्रश्न आहे.’ पाऊणशेहून जास्त वर्षं झाली, देश बदलला, भाषा बदलली, वाक्य तेच. ते वाक्य ज्याच्या तोंडून येतं तो माणूस कधीच शाळेबद्दल बोलत नसतो, हे माझं स्पष्ट मत आहे, ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल अनफ्रेंड करा.

आणि काळ कुठला, ते बघा. युद्ध हरलेला देश. शहरं जळून गेलेली. रेशनवर पोट भरत नाही, काळ्या बाजारातला तांदूळ घेणं गुन्हा. त्याच ऑक्टोबरात तिकडे यामागुची नावाचे एक न्यायाधीश उपासमारीनं गेले, अवघे ३३ वर्षांचे, कारण काळ्याबाजारवाल्यांना शिक्षा देणाऱ्यानं तोच तांदूळ खायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. अशा दिवसांत लोक रोज सकाळी पेपर उघडून बघत होते की शिन्कोचं पुढे काय झालं. त्याच वर्षी ३ मे ला नवी घटना लागू झाली होती. तिचं २४ वं कलम म्हणतं, लग्न होईल ते फक्त दोघांच्या संमतीनं. त्याचा मसुदा बेआटे सिरोटा नावाच्या २२ वर्षांच्या मुलीनं लिहिला होता. बायकांनी पहिल्यांदा मत दिलं त्याला जेमतेम वर्ष झालेलं. कायदा वरून आला होता, आता तो गावात, शाळेत, बाकावर उतरतो की नाही ते बघायचं होतं. म्हणून मला ही नुसती प्रेमाची गोष्ट वाटत नाही. यात हातात हात घेणं फारसं नाहीच. सायकली आहेत, समुद्र आहे, मैत्रिणी आहेत, आणि भरपूर बडबड आहे.

हो, बडबड आहे, कबूल करते. सगळी पात्रं संधी मिळाली की भाषण ठोकतात. लोकशाही, जुने संस्कार, व्यक्तिस्वातंत्र्य, सुरू! रोकुसुकेचा एक दोस्त आहे गानचान, तो तर तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातून पडल्यासारखा बोलतो. आणि हे सगळं अमेरिकन फौजेच्या छत्रछायेखाली, त्यांच्या सेन्सॉरखाली लिहिलेलं आहे, आणि त्याच जपाननं आधी शेजाऱ्यांचे काय हाल केले त्याबद्दल पुस्तक जवळजवळ गप्प आहे, हेही खरं. झालं समाधान? पुढे.

पुढे ती चिठ्ठी गावकीपुढे येते. पालक, प्रतिष्ठित, शाळेचे कर्तेधर्ते, सगळ्यांची सभा. आणि तिथे जपानी शिकवणारे मास्तर अत्यंत गंभीर चेहऱ्यानं ती चिठ्ठी वाचून दाखवतात, चुकांसकट! विचित्र विचित्र शिन्को. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसून हसून खाली बसले होते. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तिथेही चिठ्ठी चारचौघांत मोठ्यानं वाचली गेली, माझ्यासारखीच. पण तिथे हसं झालं ते चिठ्ठीचं. माझ्या वर्गात हसं झालं ते माझं.

डॉक्टर नुमाता राहिलाच. शाळेचा डॉक्टर, युकिकोबाईंवर मनातून भाळलेला. सुरुवातीला तो तिला जनरीत समजावायला जातो, गाव असंच असतं वगैरे, आणि तिच्या हातची थोबाडीत खातो. मग तोच तिच्या बाजूनं उभा राहतो. मला हा माणूस जवळचा वाटतो. पहिल्या फटक्याला चुकला, पण नंतर उभा राहिला. सगळ्यांना कुठे जमतं?

पुस्तकावरून १९४९ साली सिनेमा निघाला, सेत्सुको हारा ही नटी त्यात युकिकोबाई झाली आहे. त्याचं गाणंही गाजलं. आमच्या कंपनीत जपानहून एक सत्तरी ओलांडलेले सल्लागार येतात, एरवी बोल्टच्या मापाशिवाय अक्षर बोलत नाहीत. त्यांना मी सहज या पुस्तकाचं नाव सांगितलं, तर त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि शॉपफ्लोअरच्या कडेला बसून ते गाणं गुणगुणायला लागले. आई म्हणायची म्हणे, भांडी घासताना.

मघाशी रागात लिहीत होते. आता चहा घेऊन आले. मुलगी क्लासला गेलीय, घरात कुणी नाही, तर राहिलेलं पण लिहून टाकते.

माझ्या चिठ्ठीखाली ज्या मुलाचं नाव होतं त्याच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात शाळेत जाताना माझी चेन पडली. तो मागून येत होता, थांबला, बसवून दिली. हात काळे झाले ते त्यानं रस्त्याकडेच्या गवताला पुसले. मग आम्ही सायकली हातात धरून मारुतीच्या देवळापासून शाळेच्या फाटकापर्यंत चालत गेलो. सात-आठ मिनिटं असतील. तो म्हणाला, चेन सैल झालीय, एक कडी काढायला पाहिजे. प्रेमाचं एवढंच बोलणं झालं.

आणि चिठ्ठी त्याची नव्हती. मला तेव्हाच कळलं होतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचा ‘झ’ वेगळा यायचा, ‘भ’ला शेपूट लावल्यासारखा. तुझ्यावर, तुझ्याशिवाय. दोन ‘झ’, दोन शेपट्या. बाईंच्या हातात ते पान होतं आणि मला पहिल्या बाकावरून दिसत होतं.

हेडसरांच्या खोलीत माझे वडील उभे होते, त्याचे वडील उभे होते, टेबलावर ती चिठ्ठी पेपरवेटखाली. हेडसरांनी मला विचारलं, ‘यानंच दिली ना?’

मी मान हलवली. हो अशी.

का हलवली याचं उत्तर मी तीसहून जास्त वर्षं वेगवेगळं देत आले. घाबरले होते. वडिलांचा चेहरा बघितला होता. मैत्रीण गमवायची नव्हती. सगळं खरंच आहे. पण मान हलली. हेडसरांनी त्याला तिथेच छड्या मारल्या, पाच की सहा, आणि त्याच्या वडिलांनी दुसऱ्या दिवसापासून त्याला दुकानात बसवलं. नववीतून. आणि मी इतकी वर्षं बाईंना नावं ठेवतेय.

पुस्तकात मला आजही नुमाता आवडतो, युकिकोबाई आवडतात, पण शिन्कोपाशी आलं की मी पानं भराभर उलटते. तिला चिठ्ठी मिळाली आणि ती घेऊन बाईंकडे गेली, इतकं साधं.

मागच्या दिवाळीत गावी गेले तेव्हा गाडीची हवा कमी झाली होती. ते दुकान आता टायर-पंक्चरचं झालंय. त्यानंच भरली. केस पांढरे, चष्मा. चारही चाकं बघितली, स्टेपनी पण बघतो म्हणाला. मी विचारलं किती झाले, तर म्हणाला, ‘राहू द्या ताई, हवेचे काय घ्यायचे.’ ओळखलं की नाही, मला नाही कळलं. मी पन्नासची नोट पाण्याच्या पिंपावर ठेवली आणि निघाले.

आता आजचं. हो, मुलं मोबाईलवर भलतंसलतं बघतात, हो, आईबापांना काळजी असते, मलाही आहे, घरात चौदा वर्षांचीच आहे. पण ग्रुपवर मी सकाळपासून तीन वेळा टाईप केलं आणि तीन वेळा पुसलं. शेवटी मघाशी, हे लिहिता लिहिता, एक ओळ टाकली, ‘फोटो काढून टाका, मुलीचं नाव दिसतंय. आणि अक्षर कुणाचं आहे ते कुणी बघितलंय का?’ निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही. एकानं गुड मॉर्निंगचं फूल पाठवलंय, दुपारी साडेबाराला.

शाळेनं शनिवारी दहाला पालकांना बोलावलंय. मी जाणार आहे. ग्रुपमधलं आणखी कुणी येणार असेल तर सांगा, बसस्टॉपपासून बरोबर जाऊ. एकटीनं बोलायचं म्हटलं की अजूनही माझी मान आपोआप हलते.

आणि पुस्तकाची पीडीएफ मागू नका. माझ्याकडे ती झेरॉक्सच आहे, दोन पानांची, कडा पिवळ्या झालेली.