काका, तुमच्या एका स्टारला उत्तर : ते 6,000 बाट आणि 19 मे

नमस्कार काका,

आमच्या व्हिसाच्या कामाबद्दल तुम्ही लिहिलेला एक स्टारचा अभिप्राय काल रात्री वाचला. आधी माफी मागते. 28 एप्रिलला भर उन्हात तुम्हाला आणि काकूंना इथल्या इमिग्रेशन ऑफिसातून रिकाम्या हाताने परत यावं लागलं, ती चूक आमची आहे. आमच्या सहकारी मुलीने पासबुकाचं फक्त शेवटचं पान पाहिलं, मागचं पान उलटलंच नाही. मी स्वतः पाहायला हवं होतं. त्या दिवशी तुम्ही चिडलात, ती तुमच्याशी तुटक बोलली, तेही बरोबर झालं नाही. तिला समज दिली आहे.

पण तुम्ही लिहिलंय की आम्ही "मुद्दाम शेवटच्या दिवसापर्यंत लटकवलं, म्हणजे म्हातारा माणूस घाबरून मागू तेवढे पैसे देईल". हे वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. ज्यांना उद्या हेच काम करायचंय ते लोक हे वाचणार, म्हणून तारखांसकट सांगते. तुमच्या पैशांचे आकडे मी एरवी चारचौघांत काढले नसते, पण पासबुकाच्या पानाचा फोटो तुम्हीच अभिप्रायात टाकला आहे.

थायलंडमध्ये पन्नाशीच्या पुढच्या माणसाला निवृत्तीच्या आधारावर वर्षभराचं एक्स्टेन्शन, म्हणजे राहण्याची मुदतवाढ, हवं असेल, तर थाई बँकेतल्या त्याच्या स्वतःच्या खात्यात 8,00,000 बाट दाखवावे लागतात, नाहीतर दर महिन्याला 65,000 बाट उत्पन्न, नाहीतर दोन्ही मिळून वर्षाचे 8,00,000. तुमची पेन्शन 65,000 बाटांपर्यंत पोचत नाही, म्हणून आपण एकरकमी ठेवायचं ठरवलं. ही रक्कम अर्जाच्या आधी सलग दोन महिने खात्यात असावी लागते. सलग म्हणजे मधला एकही दिवस खाली जाता कामा नये. अर्जाच्या दिवशी पासबुकात पैसे आहेत, एवढं पुरत नाही.

तुमचे पैसे 20 फेब्रुवारीला जमा झाले, शिल्लक 8,02,500. उत्तम. तुमची मुदत 20 मेपर्यंत होती आणि अर्ज शेवटच्या 30 दिवसांत करता येतो, म्हणून मी 28 एप्रिल ठरवला. त्या हिशोबाने तुमच्या हातात तीन आठवडे मोकळे राहिले असते. मला कोणाला लटकवायचंच असतं, तर 28 एप्रिल कशाला दिला असता?

आता तुमच्याच फोटोतली चौथी ओळ पाहा. 14 मार्च, एटीएम, 6,000 बाट. शिल्लक 7,96,500. पाच दिवसांनी, 19 मार्चला तुम्ही 10,000 भरलेत आणि शिल्लक 8,06,500 झाली. तुमच्या मनाने विषय संपला. इमिग्रेशनच्या लेखी मात्र दोन महिन्यांची मोजणी 19 मार्चपासून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. 28 एप्रिलला इमिग्रेशनच्या बाईंनी याच ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून पासबुक आपल्याकडे सरकवलं, आठवतंय ना? 19 मार्चनंतर दोन महिने म्हणजे 19 मे. तुमची मुदत 20 मे. हातात उरले फक्त सोमवार आणि मंगळवार. 19 मे मी निवडला नाही काका. आदल्या आठवड्यात गेलो असतो तर दुसऱ्यांदा परत पाठवलं असतं, आणि 20 तारीख चुकली असती तर 21 पासून ओव्हरस्टेचे, म्हणजे मुदतीनंतर राहिल्याचे, दिवसाला 500 बाट लागले असते. शिवाय पासपोर्टावर डाग राहिला असता तो वेगळाच.

"आम्हाला कोणी सांगितलंच नाही" असं तुम्ही म्हणता. पासबुकाच्या आतल्या कव्हरवर माझ्या हाताने चिकटवलेली पिवळी चिठ्ठी आहे, मराठीत : "यातून एक बाटही काढू नये. कार्ड घरी ठेवावे." तुमच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात तिची कड दिसते. घरखर्चासाठी दुसरं खातं उघडा, हेही मी तेव्हाच म्हटलं होतं. "दोन-दोन पासबुकं कुठे सांभाळू" असं तुमचं उत्तर होतं, आणि मी पुढे आग्रह केला नाही. तो करायला हवा होता, हे मान्य.

पैसे काकूंच्या दाताच्या दवाखान्यासाठी काढले होते, हे मला एप्रिलच्या शेवटी कळलं. पाडव्याला तुम्ही दोघं आमच्याकडे श्रीखंड-पुरीला होतात, तेव्हाही त्यातलं काही निघालं नाही. काका, एक फोन केला असता तर ते 6,000 मी गल्ल्यातून काढून दिले असते. परदेशात आपल्या माणसासाठी एवढं करतोच आम्ही.

आता पैशांचं. "1,900 च्या कामाचे 5,600 उकळले." एक्स्टेन्शनची सरकारी फी 1,900, तिची पावती तुमच्या पासपोर्टसोबत दिली आहे. जूनमध्ये पुतण्याच्या लग्नाला पुण्याला जायचंय म्हणून तुम्ही रीएंट्री परमिट, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी, मागितलंत, त्याचे 1,000. ते न काढता देशाबाहेर पाऊल टाकलं की एक्स्टेन्शन तिथेच रद्द होतं. खात्यातली शिल्लक दाखवणाऱ्या बँकेच्या दोन लेटरचे 200. दोन का? बँकेचं लेटर ताजं आणि पासबुकाची नोंद अर्जाच्या दिवसाची लागते, 28 एप्रिलचं लेटर 19 मेला चालत नाही. उरले 2,500, ती आमची फी. दुसऱ्या खेपेचे आम्ही काही घेतले नाहीत. त्या सोमवारी मी सकाळी साडेसातला तुमच्या बिल्डिंगखाली गाडी घेऊन उभी होते, बँक उघडल्या उघडल्या लेटर काढलं, जेवणाच्या सुट्टीआधी जोमटिएनच्या सोई 5 मधल्या इमिग्रेशन ऑफिसात तुमचा नंबर लागला आणि काम झालं. हे शेवटचं वाक्य अभिप्रायात कुठेच नाही, ते फार लागलं.

आणि तुम्ही शेजारच्या कोणाचा हवाला देऊन लिहिलंय की दुसरे एजंट खात्यात पैसे नसतानाही करून देतात. देत असतील. थोड्या दिवसांसाठी कोणाचे तरी पैसे तुमच्या खात्यात फिरवायचे आणि कागद रंगवायचे, हे आम्ही करत नाही. मिरजेहून इथे येऊन आम्हाला तेरा वर्षं झाली. आमचा स्वतःचा व्हिसाही याच इमिग्रेशन ऑफिसातून होतो, दोन्ही मुलं इथल्या शाळेत आहेत. एका खोट्या कागदापायी आमचं पोट जाईल आणि तुमचं इथलं राहणंही जाईल. "दलाल" हा शब्द तुम्ही रागात लिहिला असेल असं मी धरून चालते.

तुमचा त्रास मला कळत नाही असं नाही. वीस लाखांच्या वर रुपये आयुष्याच्या कमाईतून इकडे आणायचे, त्यावर भारतात आगाऊ कापलेला कर (टीसीएस) रिटर्न भरेपर्यंत अडकलेला, आणि मग त्याच पैशांकडे नुसतं बघत बसायचं. बायकोचा दात दुखत असताना स्वतःच्या पैशाला हात लावायचा नाही, हे कोणालाही जड जाईल. पण हा नियम आमचा नाही. 2019 च्या मार्चपासून तो असाच आहे.

यापुढे अर्जाच्या आधी प्रत्येकाच्या पासबुकाचं पान न् पान मी स्वतः बघणार आहे, आणि मध्ये एकदा फोन करून विचारायचंही ठरवलंय.

एक काम अजून बाकी आहे, ते इथेच लिहिते, कारण परवापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. एक्स्टेन्शन मिळाल्यानंतरही तीन महिने 8,00,000 तसेच ठेवायचे आहेत. मी ऑगस्ट अखेरपर्यंत धरून चालायला सांगेन. त्यानंतर काढू शकता, पण 4,00,000 च्या खाली कधीच नाही, आणि पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी पुन्हा 8,00,000. पुण्याला जाताना ते कार्ड खिशात ठेवू नका. लग्नाचा खर्च दुसऱ्या खात्यातून करा. दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायच्या रिपोर्टची चिठ्ठी पासपोर्टच्या मागच्या पानाला स्टेपल केलेली आहे, पण पुण्याहून परत आलात की ते दिवस नव्याने मोजले जातात. आल्यावर शिक्क्याचा फोटो पाठवा, रिपोर्ट मी करून देईन. त्याची फी नाही, पूर्वीही घेतली नव्हती.

काकूंचा दात आता कसा आहे, तेवढं कळवा.